पाठीवर राखलेले पीस

मित्रांनो, माझ्या आरवण्यात आता खरखर आली आहे. पहाटे मी गळा साफ करून सुरुवात करतो, तोवर कुंपणापलीकडचे पोरगेले कोंबडे आरवून मोकळे झालेले असतात. आरवोत बापडे. मी स्पेनमधल्या लेओन प्रांतातला, कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यातला म्हातारा पार्दो कोंबडा आहे. पार्दो म्हणजे तपकिरी ठिपक्यांचा. आमची दुसरी भावकी राखाडी रंगाची. ती स्वतःला फार समजते, पण तो विषय इथे नको.

कोंबडा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे रस्सा येतो, हे मला माहीत आहे. आमच्या खोऱ्यात मात्र कोंबडा पिसांसाठी पाळतात. माझ्या पाठीच्या पिसाचे ताठ, चकाकते तंतू रेशमी धाग्याने गळावर बांधले की पाण्यावर बसलेली माशीच तयार होते. नदीतला ट्राउट मासा भलता चिकित्सक. रंगवलेल्या पिसाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. म्हणून आमच्याकडे माणसाची पत त्याच्या कोंबड्याच्या पाठीवरून ठरते.

माझी मालकीण बेनिल्दे. नवरा गेल्यावर तिने एकटीने आमचा वंश सांभाळला. चंद्र उतरणीला लागला की ती मला मांडीवर घेई आणि पिकलेली पिसे एकेक करून काढी. पिकलेले पीस हलक्या झटक्याने निघते. कच्चे ओढले तर रक्त येते आणि त्या जागी पुढे वेडेवाकडे पीस उगवते. तिचा हात हलका होता, तरी मी दर खेपेला तिच्या मनगटाला चोच मारत असे. आपलाही काही मान असतो.

बारा पिसांची एक जुडी बांधायची, ही खोऱ्याची रीत. बेनिल्देची एक रीत मात्र तिच्या सासऱ्याकडून आलेली होती. सगळी पिसे काढली तरी डाव्या खांद्याजवळचे एक पीस ती राखत असे. ते कोंबड्याचे. तिचा दीर ओनेसिमो यावरून तिची टर उडवायचा. “वहिनी, कोंबडा काय त्या एका पिसावर थंडी काढणार आहे?” ती हसायची आणि पीस राहू द्यायची.

मी सांगतो ती गोष्ट उन्हाळा सरतानाच्या जत्रेची. त्या वर्षी घरात पिसे कुरतडणारी कसर फार झाली होती. पिसांच्या खणात अक्रोडाची वाळलेली पाने घातली की कसर लागत नाही. पण वाळलेली पाने संपली होती आणि जत्रा तोंडावर आली होती. बेनिल्देने अंगणातल्या झाडाची ओली पाने ओरबाडली आणि तशीच खणात कोंबली. मी त्याच झाडाखाली उकरत होतो. अक्रोडाच्या हिरव्या साली तुडवून माझे पाय आठवडाभर तपकिरी झाले होते. ओली पाने काय करतात हे मला कळत होते, पण कोंबड्याला विचारतो कोण?

जत्रेत सर्वांत चांगल्या जुडीला बक्षीस असे, आणि पिसे पारखायला एवेलिओ बसला होता. हा जुना मासेमार, तीस वर्षे तिचीच पिसे गळाला बांधणारा. बेनिल्देची जुडी त्याने उन्हात धरली आणि मान डोलावली. मग सवयीने एक पीस ओठांत धरून ओले केले. पीस बाहेर आले तेव्हा त्याचा ओठ तपकिरी झाला होता.

एवेलिओने रुमालाने ओठ पुसला, रुमालाकडे पाहिले आणि नजर न उचलता म्हणाला, “बेनिल्दे, कोंबडा आण.”

हे मला मागाहून कळले; तेव्हा ती धावत घरी आली आणि तिने मला शेपटीकडून टोपलीत कोंबले. रंगवलेले पीस म्हणजे घराण्याला कायमचा बट्टा. पुन्हा जत्रेत पाऊल टाकायचे नाही, आमच्या वंशाची अंडी कोणी नेणार नाही, आणि ज्याची अंडी कोणी नेत नाही तो कोंबडा पातेल्यात जातो.

टेबलावर मला ठेवले. माझी पाठ उघडी होती. दहा दिवसांपूर्वीच पिसे काढली होती आणि कोवळे कोंब नुकते दिसत होते. तेवढ्यात ओनेसिमोचे लक्ष माझ्या पायांकडे गेले.

“पायसुद्धा रंगवलेत, वहिनी? घाईत ब्रश घसरला वाटतं.”

लोक हसले. माझ्या पायांनीच माझ्या मालकिणीविरुद्ध साक्ष दिली होती. मला त्या क्षणी बोलता यायला हवे होते, मित्रांनो. पुढे कधीच नाही आले तरी चालले असते.

कोणीतरी एक कोंब उपटून पाहायला सांगितले. “कच्च्या पिसाला हात लावायचा नाही,” बेनिल्दे म्हणाली. मग तिने माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. तिथे ते एक पीस होते, जुडीतल्या पिसांसोबत वाढलेले, खणात कधीच न गेलेले. आयुष्यात तिने ते कोणाचे काढले नव्हते. ती माझ्या कानाशी वाकली.

“हे तुझं आहे रे. पण आज मला दे.”

मी चोच मारली नाही. पहिल्यांदाच.

एवेलिओने ते पीस ओठांत धरले. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. रुमालाच्या दुसऱ्या, कोऱ्या टोकाने ओठ पुसून त्याने ते वर धरले. टोक स्वच्छ होते. पिसावरचे ठिपके उन्हात लखलखत होते. मग त्याने जुडीतले एक पीस पेल्यातल्या पाण्यात खळबळून शेजारी ठेवले. दोन्हींत काडीचा फरक नव्हता. तो विचारात पडला, माझा पाय धरून नखाने खरवडला आणि नख हुंगले. मग जुडी हुंगली.

“अक्रोड,” तो म्हणाला. “खणात ओली पानं घातलीस?”

बेनिल्देने होकाराने मान हलवली आणि तिथेच खाली बसून रडली. एवेलिओने निकाल सांगितला. पिसे अस्सल आहेत, पण डागाळलेल्या जुडीला बक्षीस देता येत नाही. ओनेसिमो मला टोपलीत ठेवायला आला, तेव्हा त्याच्या अंगठ्याला मी मनापासून चोच मारली. तो अंगठा चोखत बाजूला झाला.

आता माझी पिसे कोणी काढत नाही. ओनेसिमोही हल्ली आपल्या प्रत्येक कोंबड्याच्या पाठीवर एक पीस राखतो; विचारले तर विषय बदलतो. मित्रांनो, कोणाला खोटे म्हणण्याआधी डाग कुठून आला ते हुंगून तरी पाहा. आणि ज्याच्याकडून घ्याल, त्याचे त्याच्यापाशी थोडे राहू द्या.

माझ्या खांद्यावर त्या जागी पुन्हा पीस उगवले. रोज संध्याकाळी खुराडे लावताना बेनिल्दे बोटाने चाचपून पाहते, आहे ना म्हणून.