काचेला टेकलेले दगड

सुकन्या मॅडमचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी रेणापूर नाक्यावर चहा पीत होतो. "सुदाम, टाकीतले दगड सरकलेत. समोरच्या काचेवर रेललेत. लगेच ये." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. दगड कधी ना कधी सरकणार हे मला दोन महिन्यांपूर्वी टाकी भरली त्या दिवसापासून माहीत होतं.

मॅडमचा लातुरात डोळ्यांचा दवाखाना आहे. पेशंट बसतात त्या हॉलमध्ये मी पाच फुटांची समुद्री टाकी बसवली होती. खारं पाणी, प्रवाळ, नारिंगी मासे, आणि मधोमध भोकाभोकांच्या दगडांचा डोंगर. गोड्या पाण्याच्या टाक्या मी ढिगानं केल्या, खाऱ्या पाण्याची ही पहिलीच. तिच्यातला डोंगर मी रचला नव्हता. तो माझ्या बापानं रचला होता.

माझा बाप पिराजी, आमचे आबा. मुखेड भागात त्यानं पन्नासेक विहिरी बांधल्या, सिमेंटचा कण न वापरता. दगडावर दगड, फटीत कपची, की झालं. मग शिवारात बोअर आले आणि विहीर बांधून घेणारं कुणी उरलं नाही. आई गेल्यावर मी आबांना लातूरला आणलं, तर दिवसभर माझ्या माशांच्या टाक्यांच्या दुकानात भिंतीकडे तोंड करून बसायचे. हातांना कंप सुटला होता. चहाचा कप धरला तरी निम्मा चहा बशीत. एक दिवस समुद्री टाकीच्या दगडांची खोकी आली. आबांनी एक दगड उचलला, उलटासुलटा केला, म्हणाले, "ह्याला तोंड हाय बग." म्हणजे बसवायची बाजू. हात जराही हलत नव्हता. मी येड्यासारखा बघत राहिलो.

दवाखान्यातल्या रिकाम्या टाकीत ते तीन दिवस दगड रचत होते. दोन-दोनदा हाका मारल्याशिवाय जेवायला उठत नव्हते. आणि त्यांनी चूक केली, तीही त्यांच्यासारखाच माणूस करील अशी. विहिरीचं बांधकाम मागच्या मातीवर रेलतं. माती त्याला धरते. आबांनी टाकीतही सगळा डोंगर मागं रेलवला, पण मागं माती नव्हती, गुळगुळीत काच होती. समुद्री टाकीत दगड काचेपासून चार बोटं लांब ठेवायचे असतात. भोक पाडून आत अक्रिलिकची काडी घालायची, सांधे पुट्टीनं चिकटवायचे. कारण पाण्यात दगड हलका होतो, आणि कोरड्यात वजनानं घट्ट बसलेला पाणी भरलं की सैल पडतो. त्यात पंपाचा प्रवाह त्याला दिवसरात्र मागून पुढं ढोसत असतो.

हे सगळं मला येत होतं. पुट्टीचा डबा पिशवीत होता. पण तिसऱ्या दिवशी आबा दोन पावलं मागं सरले, कमरेवर हात ठेवून आपल्या कामाकडं बघत राहिले, आणि माझी जीभ रेटली नाही. मी गुपचूप पाणी भरलं.

तर मी दुकानात जाऊन आबांना गाडीवर घेतलं. एकट्यानं जावं असं वाटलं होतं, पण कोणता दगड कशावर बसलाय ते त्यांनाच ठाऊक.

दवाखान्यात गेलो. वरचा मोठा दगड, चांगला कळशीएवढा, पुढं झुकून काचेला टेकला होता. त्याच्या खाली दोन मधले दगड निसटून तिरपे झालेले. मोठा अडून होता तो सुपारीएवढ्या एका कपचीवर. साडेचारशे लिटर पाणी, आणि पलीकडं बाकांवर डोळ्याला पट्टी बांधलेले म्हातारे. काउंटरवरच्या महानंदाताईंना मी म्हणालो, "आधी ह्या सगळ्यांना आतल्या खोलीत न्या." त्या बिचाऱ्या एकेकाचा हात धरून नेऊ लागल्या.

मी पाणी काढायची नळी टाकीत सोडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब. पानी काढू नको."

"का?"

"पान्यानंच उचलून धरलाय त्येला. पानी गेलं की जड हुईल अन् काच घिऊन खाली यील."

समुद्री टाकीबद्दल त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. बघूनच कळलं. आबा स्टुलावर चढले, सदऱ्याच्या बाहीसकट हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि मोठा दगड तळव्यावर पेलून धरला. "ह्येला मी धरून राहिलो. तू डाव्या अंगाचा बारका काढ. वढू नको, उचल." मी उचलला. "आता त्याच्या मागचा. हां." तीन दगड बाहेर आले. हात स्थिर होता. वाटलं, वाचलो.

तेवढ्यात सुकन्या मॅडम बाहेर आल्या.

"सुदाम, हे चिकटवले नव्हतेस का तू? काच पेशंटच्या अंगावर फुटली असती तर? आणि मी अजून दोन डॉक्टरांना तुझं नाव सांगितलंय."

मी काय बोललो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. म्हणालो, "मॅडम, रचलं वडिलांनी. मी सांगितलं होतं चिकटवू म्हणून. ऐकलंच नाही त्यांनी. जुन्या वळणाचं माणूस."

सांगितलं नव्हतं. एका शब्दानंही नाही. पण तोंडातून ते इतकं सरळ निघालं की मीच क्षणभर खरं मानलं.

आबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग मॅडमकडं. "हाव मॅडम," ते म्हणाले. "पोरानं सांगितलं हुतं. माज्याच डोस्क्यात शिरलं न्हाई."

आणि पाण्यातला त्यांचा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. दगड काचेवर वाजू लागला, टक, टक, टक. मॅडम दोन पावलं मागं सरल्या.

"आबा, आता कोणता काढू?"

आबांची नजर पाण्यातल्या दगडावरच.

"आबा, बोला. कोणता?"

"तुला वाटंल तो काढ," ते म्हणाले. रागावून नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. खरोखरच आपल्याला काही कळत नाही अशा सुरात ते बोलले. मला तर कुठला काढावा ते कळतच नव्हतं. मी मधल्या एका दगडाला हात घातला, तसा अख्खा डोंगर करकरला. वरचा बोटभर खाली घसरला, काचेवर चर्र आवाज आला, एक नारिंगी मासा सांदीत चेंगरला.

"आबा, पाया पडतो. सांगा."

"त्यो न्हाई," ते हळूच म्हणाले. "खालचा."

त्यानंतर ते फक्त 'हाव' आणि 'न्हाई' एवढंच बोलले. मी दगडावर हात ठेवायचा, त्यांनी सांगायचं. तीसेक दगड असतील. अर्धा तास लागला. हात त्यांचा शेवटपर्यंत थरथरत होता, पण त्यांनी तो काढला नाही, आणि शेवटी कळशीएवढा दगड आम्ही दोघांनी मिळून बाहेर घेतला. काचेवर वीतभर ओरखडा, बाकी शाबूत. मॅडमनी सुस्कारा टाकला. "आता तू स्वतः कर, सुदाम," त्या म्हणाल्या. "वडिलांना उगाच त्रास नको."

दुपारी मी दगडांना भोकं पाडली, काड्या घातल्या, पुट्टी मळली. आबा खाली बसून एकेक दगड माझ्या हातात देत होते. जवळपास कुणी नाही असं बघून मी म्हणालो, "आबा, मी खोटं बोललो."

"हाव."

"मॅडमला सांगतो मी."

"कशाला? तुला हितं धंदा करायचाय. मला आता कुठं इहीर बांधायला जायचं हाय?" असं म्हणून त्यांनी पुढचा दगड वर केला. मी तो घेतला. सांगतो म्हणालो होतो, पण जागचा हललो नाही.

संध्याकाळच्या पेशंटांची गर्दी सुरू झाली. उदगीरकडची एक म्हातारी टाकीजवळ येऊन उभी राहिली. दगडांकडं बघितलं, मग आबांच्या ओल्या बाहीकडं. "चांगलं बांधलाव की बाबा. तुमीच का?"

"न्हाई माय," आबा म्हणाले. "मला काय येतंय त्यातलं. पोरगं बांधून राहिलंय, मी नुसता दगड देतो."

म्हातारी माझ्याकडं बघून कौतुकानं हसली. पुट्टी धरेपर्यंत दगड दाबून ठेवायचा होता, दोन्ही हात पाण्यात होते. तोंड मोकळं होतं. मी हो म्हणून मान हलवली.