तिसरीच्या बाई

शाळेचा पंचाहत्तर वर्षांचा इतिहास मी लिहायला घेतला, तेव्हा आईने एकच गोष्ट मागितली. तिने त्या शाळेत एकतीस वर्षं तिसरीला शिकवलं होतं. म्हणाली, "एकच ओळ लिही, पण माझं नाव लिही. डोळे आहेत तोवर छापलेलं बघते."

मागणं साधं होतं, पण संस्थापक साधे नव्हते. मोठे सर शाळेचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचे आणि स्वतः दहा मिनिटं उशिरा यायचे. पहिल्या आलेल्या मुलाला गर्व चढू नये म्हणून त्याला आठवडाभर शेवटच्या बाकावर बसवायचे. आणि शिक्षकांना नावंच नव्हती. नावाबरोबर अहंकार येतो म्हणे. त्यामुळे हजेरीवहीत, फोटोखाली, निरोपाच्या मानपत्रातसुद्धा 'तिसरीच्या बाई', 'सातवीचे मास्तर' एवढंच. त्यांचं स्वतःचं नाव मात्र फाटकावर हातभर उंच अक्षरांत होतं. या विक्षिप्तपणाचं लोकांना कोण कौतुक! लहानपणी मलाही होतं. वर्गात मी आईला बाई म्हणायचो आणि सवयीने घरीही तेच तोंडातून निघायचं. ती हसायची, म्हणून मला वाटायचं, तिला आवडतं.

तीन महिने शाळेच्या अडगळीच्या खोलीत धूळ खात बसलो. वह्यांत तिचं अक्षर पानोपानी होतं, नाव कुठेच नव्हतं. मग मीच लिहिलं. एका ओळीऐवजी अडीच पानं लिहिली. सर महिना महिना भाषणं देत फिरायचे तेव्हा शाळा कोण चालवत होतं, ते तारखांसकट लिहिलं.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे सरांचे नातू. त्यांनी चहा पाजला आणि पानं चाळली. सरांची शिस्त त्यांच्याच शाळेच्या इतिहासात मोडायची का, आज एकीचं नाव घातलं तर उद्या चाळीसजणी दारात उभ्या राहतील, असं बरंच काही गोडीगुलाबीने बोलले. शेवटी म्हणाले, "तुम्हाला जड जात असेल तर दुसरा लेखक बघू. मुखपृष्ठावर त्याचं नाव टाकू."

त्यांच्याच पेनाने मी तिथल्या तिथे ती अडीच पानं खोडली. स्वतःची लाज वाटत होती, पण हात थांबला नाही. घरी काही सांगितलं नाही.

छापलेलं पुस्तक आईच्या हातात दिलं. भिंग घेऊन ती दोन दिवस वाचत होती. एकशे बाराव्या पानावर तिचा तरुणपणीचा फोटो होता आणि खाली 'तिसरीच्या बाई'. तिथे ती थांबली, मग पुढची सगळी पानं नेटाने संपवली. पुस्तक मिटून मुखपृष्ठ भिंगाखाली धरलं. माझं नाव, मधे वडिलांचं, मग आडनाव.

"ह्यांचं आलं की," ती म्हणाली. माझे वडील त्या शाळेची पायरीसुद्धा कधी चढले नव्हते.

"आई, ते अध्यक्ष..." मी सुरुवात केली.

"बाई म्हण," ती म्हणाली. "छापलंयस तसं."