भिंतीखालचे मूळ

मित्रांनो, कोपऱ्यात टेकून ठेवलेली ही गंजकी, झिजल्या टोकाची पहार दिसते ना? तीच मी. मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या आसातून माझा जन्म झाला. लोहाराने मला भट्टीत लालबुंद केले, घणाने ठोकून एक टोक अणकुचीदार आणि दुसरे चपटे केले, मग दगडावर आपटून पाहिले. मी खणखणीत वाजले.
"घेऊन जा. तुझ्या नातवालाही पुरेल," तो माझ्या मालकांना म्हणाला.

माझे मालक तोडलेल्या झाडांचे बुडखे काढत. झाड तोडणारे लाकूड घेऊन निघून जातात, बुडखा मात्र जमिनीत पाय रोवून बसलेला असतो. मोकळ्या जागेत तो यंत्राने निघतो. पण अंगाला अंग घासेल अशी बोळ, किंवा स्वयंपाकघरातूनच वाट असलेले परसदार, तिथे यंत्र कसे जाणार? तिथे मालकांना बोलावणे यायचे. लोक त्यांना बुडखेमामा म्हणत. "लोक झाडं लावून नाव काढतात, मी उपटून काढलं," असे ते हसत सांगत.

फरशीला ओरखडा पडू नये म्हणून ते मला गोणपाटात गुंडाळून नेत. आधी कुदळीने माती मोकळी करायची, मग एकेक मूळ तोडायचे आणि शेवटी लाकडी ठोकळ्यावर टेकवून मला रेटा द्यायचा. माझ्या दांड्यातून जमिनीच्या पोटातले सगळे त्यांच्या तळव्यांना कळायचे. मामांनी हात घातला आणि बुडखा राहिला, असे कधी झाले नव्हते. त्याचा मलाही फार ताठा होता. त्या ताठ्याचीच ही गोष्ट आहे.

एका उतारावरच्या घरात एक शिवणकाम करणाऱ्या बाई आपल्या भाच्याबरोबर राहत. त्यांच्या परसात वरच्या घराची माती अडवणारी दगडी भिंत होती आणि तिला लागूनच एक जुना, रुंद बुडखा. भाच्याला तिथे खोली बांधायची होती.

"अरे, ते राहू दे," बाई म्हणाल्या. "त्याच्या मुळांनीच भिंत धरलीये."

"मावशी, तुला सगळ्याचीच भीती! मामा, तुम्ही सुरू करा."

दुपारपर्यंत तीन बाजूंची मुळे तुटली. चौथ्या बाजूला मी खोल गेले आणि दगडावर टणकन वाजले. मांडीएवढे मूळ थेट भिंतीच्या पायाखाली शिरले होते. मामांनी मला हलकेच दाबून पाहिले. वरचा एक दगड किंचित हलला. मामांचा हात थांबला.

"काय झालं?" भाच्याने विचारले. "ऐकलं होतं, मामा अर्धं काम सोडत नाहीत म्हणून."

मामांनी ओठ मिटले. ते मूळ तोडले आणि अंगातला सगळा जोर माझ्यावर टाकला. कडकड आवाज करत बुडखा बाहेर आला. भाचा म्हणाला, "वा, मामा! तुमचा हात धरणारा कोणी नाही!" तेव्हा मीही फुशारले होते, मित्रांनो. आज ते आठवले की शरमेने मान खाली जाते.

चौथ्या दिवशी सकाळी बाई परसात कपडे वाळत घालत होत्या आणि भिंत ढासळली. जीव वाचला, पण उजवा हात दगडांखाली चेंगरला.

बाई दवाखान्यातून घरी आल्याचे कळताच मामा मला खांद्यावर टाकून तिकडे गेले. शिवणयंत्रावर चादर झाकलेली होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला.

"त्या दिवशी तुमचा हात थांबला होता," त्या म्हणाल्या. "मी इथूनच पाहिलं. तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो, ताई."

"मग बोलला का नाहीत?"

मामांनी मला खांद्यावरून खाली ठेवले. बाईंनी रागाचा एक शब्दही काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते, असे मामा नंतर पुष्कळदा म्हणाले.

त्यांनी ती भिंत पुन्हा रचली. बावीस दिवस लागले. जड दगड सरकवायला मी होतेच. भाचाही मुकाट्याने दगड वाहत होता. भिंत पहिलीपेक्षा पक्की झाली, पण बाईंच्या बोटांत सुई काही पुन्हा टिकली नाही.

पुढे मामा जिथे जात तिथे आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना परसाची माहिती विचारत. शंका आली की, "हा बुडखा मी काढणार नाही," असे स्वच्छ सांगत. "मामा म्हातारे झाले," म्हणून लोक हसत. बोलावणी कमी होत गेली. आता त्यांचे गुडघे चालत नाहीत आणि मला कोणी उचलत नाही.

मित्रांनो, अवजाराला तेलपाणी करा, ते उघड्यावर टाकू नका, हे मी तुम्हाला सांगायला हवे. पण गंजाचे दुःख मला तितकेसे नाही. मला तोंड नव्हते, मी फक्त वाजू शकत होते, आणि वाजले. तुम्हाला तोंड आहे. काम करताना काही चुकते आहे असे हाताला कळले, तर चारचौघांत हसे होईल म्हणून गप्प बसू नका. तेव्हाच बोला.