माल-सुन आजींच्या गिरणीविरुद्ध

समोरच्या अपार्टमेंटचं नाव पूर्वी साधं होतं. बांधणाऱ्या कंपनीचं नाव आणि पुढे एक आकडा, संपलं. मग रहिवाशांनी सह्या गोळा केल्या आणि नाव बदलून घेतलं. आता भिंतीवर फ्रेंच की इटालियन असं काहीतरी लांबलचक लिहिलंय. ते टॅक्सीवाल्याला सांगता येत नाही, पोस्टमनला वाचता येत नाही. सुना मात्र खूश आहेत, कारण गावाकडून आलेल्या सासूला घर सापडत नाही.

सह्यांची चटक वाईट. नाव बदलून झालं, तेव्हा बसथांबा पुढे ढकलायला सह्या झाल्या, कारण थांब्यावरची माणसं गेटच्या फोटोत येत होती. मग पर्सिमनची झाडं तोडायला सह्या झाल्या. पिकलेली फळं गाड्यांवर पडत होती म्हणे. झाडाखाली गाडी लावू नये हे कुणाला सुचलं नाही. मोठ्या माणसांना अशा लहान गोष्टी सुचत नाहीत. आणि झाडं संपली तेव्हा त्यांच्या नाकाला आमच्या गल्लीतली गिरणी सापडली.

गिरणी म्हणजे माल-सुन आजींची गिरणी. माझ्या लाँड्रीच्या अगदी समोर. अपार्टमेंटच्या जागी कोबीचं शेत होतं तेव्हापासूनची. बायका घरून तांदूळ भिजवून टोपल्यांतून आणायच्या, आजी दळून, वाफवून त्याचे त्तोक, म्हणजे तांदळाच्या मऊ वड्या, करून द्यायच्या. बारसं असो, घर बदलणं असो, म्हाताऱ्याची साठी असो, आजींच्या वाफेशिवाय काही व्हायचं नाही. आणि रोज पहाटे मागच्या शेडमध्ये तीळ भाजायचे, तेल काढायचं, सोजू दारूच्या धुतलेल्या बाटल्यांत भरायचं. नवरा गेल्यावर आजींनी सगळं एकटीने चालवलं. मुलगा सोलला बोलवायचा. आजी म्हणायच्या, "तिथे जाऊन काय करू? लिफ्टमध्ये वर-खाली करू?" गिरणी हेच त्यांचं घर, नातेवाईक आणि दुखण्यावरचं औषधही.

रहिवासी समितीच्या अध्यक्षा म्हणजे वी मी-रान, सो-युलची आई. एके दिवशी ती पांढरा लोकरी कोट घेऊन माझ्या लाँड्रीत आली आणि तो माझ्या नाकाखाली धरला.

"लाँड्रीताई, जरा हुंगा."

"हुंगला."

"कसला वास येतो?"

"भाजलेल्या डुकराचा. काल कुठे जेवलात?"

"अहो, त्याच्या खाली!"

"त्याच्या खाली लसूण."

"तीळ, ताई, तीळ! रोज पहाटे खिडकी उघडली की तीळ! तुम्ही कपड्यातल्या माणूस, तुम्ही लिहून दिलंत तर वॉर्ड ऑफिसात वजन पडेल."

"सो-युलच्या आई, मी डाग काढते. लावत नाही."

ती हसली. ही बाई रागावत नाही कधी. रागावणं तिच्या मते खालच्या मजल्यावरच्या लोकांचं काम. कोट ठेवून गेली आणि जाताना म्हणाली, "आमचं आजींशी वैयक्तिक काही नाही हं. प्रश्न राहणीमानाचा आहे." राहणीमान म्हणजे फ्लॅटचा भाव, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

दुसऱ्या आठवड्यात गेटवर लांबलचक फलक लागला, लाल अक्षरांत: 'पहाटेचा शुद्ध श्वास हा आमचा हक्क!' लिफ्टशेजारी टेबल मांडलं, टेबलावर अर्ज, आणि सही करणाऱ्याला कचऱ्याच्या सरकारी पिशव्यांचं एक बंडल फुकट. त्या पिशव्या एरवी विकत घ्याव्या लागतात. माणसं रांगेत उभी राहिली. काहींनी अर्ज वाचलाच नाही, पिशव्या मोजल्या. शुद्ध श्वासाचे लढवय्ये काखेत पिशव्या मारून वर गेले.

त्यातली एक बाई तिथून सरळ गल्लीत आली आणि आजींकडून तेलाची बाटली घेऊन गेली. मी दारातच उभी होते.

"काय हो, आत्ताच सही करून आलात ना?"

"सही वेगळी, तेल वेगळं," ती म्हणाली. "शिवाय आता बंदच होणार, म्हणून दोन बाटल्या घेतल्या."

मीही उलट अर्ज काढला. का नाही काढणार? एक पांढरा कागद घेतला, 'गिरणी राहू द्या' असं लिहिलं आणि दारोदार फिरले. काय अनुभव आले म्हणून सांगू! किमचीचं लोणचं विकणारा म्हणाला, माझं गिऱ्हाईक सगळं तिकडचं. चौदाव्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक चहा पाजून म्हणाले, आजींच्या हाताला चव आहे हो, फार चव आहे, पण तोंडी सांगतो, लिहून नको. चव तोंडी आणि तक्रार लेखी, अशी यांची शिस्त. माझ्या कागदावर जेमतेम गल्लीतली माणसं आली. त्यातही एका आजोबांनी दोनदा सही केली, विसरून.

वॉर्ड ऑफिसचा साहेब यंत्र घेऊन वास मोजायला आला. वास मर्यादेत निघाला. मला वाटलं, सुटलो. पण नगरसेवक ताक साहेबांना अपार्टमेंटची मतं हवी होती आणि निवडणूक जवळ आली होती. त्यांनी स्वतः गल्लीत चक्कर मारली, आजींना वाकून नमस्कार केला, तब्येतीची चौकशी केली, एक बाटली तेल घेतली. आणि आठवड्याभरात नोटीस आली. वासाचा त्यात उल्लेखही नाही. मागची शेड विनापरवाना, पायरी रस्त्यावर, सबब वर्षअखेरीस गिरणी बंद करावी. शेड तिथे इतकी वर्षं उभी होती की ती बांधली तेव्हा ताक साहेबांना दात यायचे असतील.

आजींनी नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"म्हणजे नाताळापर्यंत आहे ना?"

"आहे, आजी."

"मग किमचीच्या हंगामातली मिरची तरी दळून होईल लोकांची," त्या म्हणाल्या. मला इतका संताप आला की मी इस्त्री आपटली.

तेवढंही मिळालं नाही. ऑक्टोबरात अपार्टमेंटचा रहिवासी दिन होता. मांडव, लाऊडस्पीकर, नगरसेवकांचं भाषण. वीबाईंना मांडवात 'काम फत्ते' असं सांगायचं होतं. 'होणार आहे' म्हटलं की टाळ्या पडत नाहीत. म्हणून पुन्हा सह्या झाल्या: वर्षअखेर कशाला, आधीच बंद करा. वॉर्ड ऑफिसनेही तत्परता दाखवली. रस्त्यावरचा खड्डा बुजवायला यांना दोन पावसाळे लागतात. इथे ठरलं, रहिवासी दिनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सील लावायचं.

आणि मग त्या आठवड्यात वीबाई गल्लीत आली. त्या गिरणीच्या पायरीवर मी तिला पहिल्यांदाच बघितलं. मी आजींकडेच बसले होते, मक्याचा चहा पीत.

"आजी, एक मोठं काम आहे तुमच्यासाठी!" तिचा आवाज बक्षीस वाटायला आल्यासारखा. "शनिवारी घरोघर लाल वालाचे त्तोक वाटायचेत. यश मिळालं की त्तोक वाटायचे, आपली रीतच आहे ना. ताक साहेबांनी नव्या तांदळाची पोती दिलीयत. आम्ही शुक्रवारी भिजवतो, शनिवारी सकाळी आणतो. दुकानातले ते गोठवलेले त्तोक कोण खाणार? तुमच्या वाफेची चव कुठेच नाही."

मी चहाचा पेला खाली ठेवला. बाई काय बोलते हे बाईला कळतंय का, म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. कळत नव्हतं. अगदी मनापासून कळत नव्हतं. तिच्या डोक्यात अर्जाचा एक कप्पा होता आणि त्तोकचा दुसरा, आणि मध्ये जाडजूड भिंत.

"यश कसलं हो?" आजींनी विचारलं.

"असंच... परिसर सुधारणेचं."

"असं होय." आजींनी हात पुसले. "शनिवारी गिरणी चालू असली तर करून देईन."

"असेल की!" वीबाई हसत म्हणाली आणि गेली.

"आजी, सांगितलं का नाहीत तिला?" मी उसळले.

"तिनेच ठरवलेली तारीख, गं. तिला मी काय सांगू?"

शुक्रवारी साहेब आला. मोटरच्या डब्यावर, भाजायच्या यंत्रावर, वाफेच्या चुलीवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, शिक्के मारले. आजी शेजारी उभ्या राहून त्याला चिकटपट्टीचं टोक धरून देत होत्या.

शनिवारी सकाळी गल्लीत मिरवणूक आली. हातगाड्यांवर टोपल्याच टोपल्या, भिजवलेले तांदूळ, पाणी निथळतंय, मागे एकसारख्या रंगाची जाकिटं घातलेल्या समितीच्या बायका. पलीकडे मांडवात लाऊडस्पीकर सुरू झालेला. आजी पायरीवर बसल्या होत्या, शेजारी एक गाठोडं आणि बॅग. मुलगा दुपारच्या बसने न्यायला येणार होता.

वीबाईंनी शटर उचललं, पट्ट्या पाहिल्या आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"हे... हे आजच कशाला लावलं?"

"काल लावलं," मी म्हटलं. "तुमच्याच अर्जावरून."

"पण तेलाचं बंद करायचं होतं! त्तोकचं कोण बोललं?"

"एकच मोटर आहे, बाई," आजी म्हणाल्या.

मग जी गडबड उडाली! कुणी म्हणाली, पट्टी हळूच काढून परत चिकटवू. कुणी म्हणाली, एक दिवस चालवली तर तक्रार कोण करणार? अहो, खरंच, कोण करणार? तक्रार करणारे सगळे तिथेच उभे होते, टोपल्या धरून. वीबाईंनी ताक साहेबांना फोन लावला. साहेबांनी भाषणाची तयारी चाललीय म्हणून हात वर केले. वॉर्ड ऑफिसात शनिवारचा जो एकटा कारकून होता तो म्हणाला, सील उघडायचं असेल तर रहिवाशांचा लेखी अर्ज आणा.

तर या बायांनी खरोखरच अर्ज लिहायला घेतला! गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून. 'परंपरेच्या रक्षणासाठी गिरणी एक दिवस उघडावी.' आणि सह्या सुरू. तीच माणसं, तीच पेनं. मला हसू आवरेना. टोपल्यांवर ऊन चढत होतं.

आजी उठून बॉनेटपाशी आल्या आणि कागदाकडे पाहत राहिल्या.

"केवढ्या सह्या," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळीही अशाच झाल्या होत्या का?"

एकीने हळूच सह्यांवर तळहात ठेवला.

"मी आपली पहाटे भाजायचे. ह्यांची सवय होती, तीच मी चालवली. तुम्हाला पहाटे त्रास होतो हे मला साहेब वास मोजायला आला तेव्हा कळलं. तुमच्यातल्या एकीने जरी येऊन सांगितलं असतं, आजी, पहाटे नको, तर दुपारी भाजले असते तीळ. मला काय, दुपारी मी नुसती टीव्ही बघते."

आजींच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. बायका जाकिटाच्या चेनी वरखाली करू लागल्या. वीबाईंनी मात्र मान वर केली.

"पण आजी," ती अगदी नम्रपणे म्हणाली, "असं थेट दारात येऊन बोलणं बरं दिसलं नसतं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

एका म्हातारीचं घरदार उठवलं, आणि का, तर तिला वाईट वाटू नये म्हणून!

"तुम्हीही सही करा ना," वीबाईंनी पेन पुढे केलं. "वर तुमचं नाव असलं तर ते लगेच ऐकतील. मालकच तुम्ही."

आजींनी पेन घेतलं. क्षणभर मला धास्तीच वाटली, करतात की काय सही. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते परत वीबाईंच्या हातात ठेवलं.

"मला कुणाकडे काही मागायचं नाही," त्या म्हणाल्या. "दारात आलात खऱ्या सगळ्याजणी. फार उशिरा आलात."