सहा बोल्ट

"हा ओळखता का?" चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं रुमालाची घडी उलगडली आणि तुटका बोल्ट टेबलावर ठेवला.

स्टोअरकीपरनं तो उचलला नाही. उचलायची गरजच नव्हती. बोल्ट मधोमध मेणासारखा ओढला जाऊन, बारीक होत होत तुटला होता. पाच नंबरचं टायटॅनियम असं सहजी लांबत नाही. ते शेवटपर्यंत ताठ राहतं. असा लांबतो तो दोन नंबर.

"सांगता येत नाही, साहेब," तो म्हणाला. "दिसायला सगळं सारखंच."

शेजारी बसलेल्या मॅनेजरनं हळूच श्वास सोडला.

एकतीस वर्षांच्या नोकरीत 'सांगता येत नाही' हे शब्द स्टोअरकीपरच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले होते. कारखान्यात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे; लहानापासून थोरापर्यंत सगळे 'पारखी' म्हणत. टायटॅनियमच्या सळया, पत्रे आणि नळ्या यांचं गोदाम त्याच्या ताब्यात होतं आणि प्रत्येक नंबरचा स्वभाव त्याला घरच्या माणसासारखा पाठ होता. दोन नंबर म्हणजे जवळजवळ निव्वळ टायटॅनियम. मऊ, पण ॲसिडला सहसा दाद न देणारं. त्याच्या टाक्या आणि नळ्या करायच्या. जिथे दोन नंबर हात टेकतो तिथे चिमूटभर पॅलेडियम घातलेला सात नंबर उभा राहायचा. पाच नंबरात ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम, ताकद दोन नंबरच्या दुपटीहून जास्त. जिथे ताण येतो तिथले बोल्ट आणि दांडे त्याचेच. तेवीस नंबर हा पाचाचाच अधिक शुद्ध भाऊ, माणसाच्या हाडात बसायला लायक. आणि ही सगळी मंडळी दिसायला एका आईची लेकरं. कोण कोणता, ते टोकाला मारलेला रंगाचा पट्टा आणि ठोकलेला नंबर एवढंच सांगणार. म्हणून सळई कापायची ती बिनरंगाच्या टोकाकडून. रंग गेला की सळई भंगारात.

गोदामाच्या भिंतीवर हा नियम त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला होता, आणि मोडलाही त्यानंच.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका रसायन कारखान्याच्या पंपाच्या झाकणासाठी पाच नंबरचे चोवीस बोल्ट हवे होते. अठरा तयार होते. गाडी फाटकात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि फळीवर राहिलेला हातभर तुकडा बिनरंगाचा. आधीच्या पाळीत कुणीतरी उलट्या बाजूनं कापून ठेवला होता. तपासायला पाठवायचा तर दोन दिवस मोडणार.

"पारखी, तुम्ही बघा की हात लावून," मॅनेजर म्हणाला. "मशीन चुकेल एक वेळ, तुम्ही नाही चुकणार."

आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत हे त्याला कळत होतं. तरी तो चढला. त्यानं तुकडा वाजवला, कानाशी नेला. टोकावर फाईल घासली. फाईल जरा जास्तच सहज रुतली आणि मनात पाल चुकचुकली. फाईल नवी आहे, त्यानं स्वतःची समजूत घातली.

"पाच," तो म्हणाला, आणि निळा पट्टा ओढून मोकळा झाला.

अर्ध्या तासानं लेथवरची बाई गोदामाच्या दारात आली. हात पुसत म्हणाली, "काका, हा माल फारच मऊ लागतोय. पाच नंबर एवढ्या सुखासुखी कापू देत नाही हो. एकदा बघून घेता का?"

"तू लेथ बघ. सळई मी बघितलीय."

ती परत लेथकडे गेली. सहा बोल्ट तयार झाले, गाडीत चढले, आणि त्या झाकणाच्या एकाच बाजूला ओळीनं बसले.

त्या रसायन कारखान्यात त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ पंप सांभाळायचा. आई लवकर गेल्यावर बायकोनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. तिथे नोकरीला चिकटवला होता पारखीनं, शब्द टाकून. अकरा दिवसांपूर्वी त्या बाजूचे बोल्ट लांबून सैलावले, एक तुटला, झाकणाला फट पडली आणि आतलं गरम ॲसिड त्याच्या तोंडावर उडालं. डावा गाल गेला. दोन्ही डोळे गेले.

अधिकारी गेल्यावर मॅनेजरनं दार लोटलं. "कागद स्वच्छ आहेत. ज्यानं कच्चा माल दिला त्याच्या डोक्यावर खापर फुटेल. तुमच्या निवृत्तीला राहिलेत सात महिने. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या."

पारखी मान हलवून बाहेर पडला आणि थेट दवाखान्यात गेला.

खाटेवरच्या माणसाच्या तोंडावर पट्ट्याच पट्ट्या होत्या. तोंडाची फट आणि हनुवटी तेवढी उघडी. पावलांचा आवाज ऐकून तो म्हणाला, "भावजी ना? बसा. इथे सगळे म्हणतायत, बोल्ट तुमच्याकडचे होते. मी सरळ सांगितलं, आमच्या भावजींच्या हाताखालून गेलेला माल चुकणं शक्य नाही. दुसरंच काहीतरी झालं असणार. बरोबर ना?"

पारखी बसला नाही. "आलोच," एवढंच कसंबसं म्हणून तो बाहेर व्हरांड्यात आला. बाकड्यावर बायको धुतलेल्या टॉवेलची घडी घालत होती.

"काय हो, चेहरा का असा?"

"तो माल चुकला होता. मीच चुकवला."

तिचे हात थांबले. "तेव्हा कळलं नव्हतं ना तुम्हाला?"

नाही म्हणता आलं असतं. ती तेवढ्या एका शब्दाचीच वाट बघत होती.

"शंका आली होती," तो म्हणाला.

"शंका आली होती."

"हो. आणि दुसऱ्यानं सांगितलंही होतं."

तिनं टॉवेल पिशवीत ठेवला, पिशवी उचलली आणि बाकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिकडूनच, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्याला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

त्यानं आत जाऊन सांगितलं. फळी, तुकडा, फाईल, लेथवरची बाई, सगळं, काही न वगळता. मग पट्ट्यांमधून प्रश्न आला, "ताई कुठेय?"

"बाहेर."

"तिला पाठवा आत. तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अधिकाऱ्याच्या कचेरीत जाऊन बसला आणि दोन पानं लिहून दिली. अधिकाऱ्यानं ती वाचली, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "'लेथवर काम करणाऱ्या बाईंनी मला वेळीच सावध केलं होतं, मी ऐकलं नाही.' हे लिहिलं नाहीत तरी चालेल. चूक झाली म्हणणं वेगळं. यानं तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"उद्या तिलाच विचारतील, कापताना कळलं नाही का म्हणून. ती ओळ राहू द्या."

ओळ राहिली. नोकरी गेली, खटला उभा राहिला. मॅनेजर साक्षीत म्हणाला, सळई कोणती हे ठरवणं माझं काम नव्हे. आणि ते खरंच होतं. ज्या गोदामात तो एकतीस वर्षं वावरला तिथून त्याचा डबा आणि चष्म्याचं घर एका कागदात गुंडाळून शिपायाच्या हाती घरी आलं.

मेहुणा दवाखान्यातून सुटला तो त्यांच्याच घरी आला. दुसरीकडे जाणार कुठे? पुढच्या खोलीत त्याची खाट पडली. बायको दोघांना वेळेवर जेवायला वाढी. भावाशी बोले. नवऱ्याशी कामापुरतं, तेही 'पाणी तापलंय,' 'दार लावा,' एवढंच. मेहुणा तर तेवढंही बोलत नसे. पारखी त्याला हात धरून न्हाणीघरापर्यंत नेई आणि परत आणी. तो हात धरू देई, पण बोटं मिटत नसे.

असे दोन महिने गेले. एका सकाळी बायको औषधं आणायला बाहेर गेली होती. मेहुणा खाटेवर उठून बसला आणि त्यानं हनुवटी चाचपली.

"भावजी."

पारखी दारातच थबकला.

"दाढी वाढलीय. ताई करते, पण तिचा हात थरथरतो. मागच्या खेपेला कापलं. तुम्ही करा."

"मी?"

"माफ केलंय असं समजू नका. ते अजून जमत नाही मला. पण दाढी तर करायला हवी ना!"

पारखीनं गरम पाणी आणलं, त्याच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला. डाव्या गालावरच्या चकचकीत, ओढलेल्या कातडीवर एक केसही उगवत नव्हता. त्यानं उजव्या गालाला आणि गळ्याला साबण लावला, फेस आणला. वस्तरा उघडल्याचा आवाज झाला तसा मेहुणा क्षणभर ताठरला. मग त्यानं आपणहून मान मागे टाकली आणि गळा उघडा केला.

"हलू नकोस," पारखी म्हणाला.

"नाही हलत."