इरल्याचं माप

त्रिनिदादहून आलेल्या केरेन रामखेलावन या नवोदित चित्रकर्तीला मुळं हवी होती. तिची खापरपणजी भारतातल्या कुठल्या गावाहून मजुरीसाठी बोटीत चढली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिला सगळीच गावं आपली वाटत. लोणावळ्याच्या एका कलाकेंद्रानं तिला सहा महिन्यांसाठी मावळ देऊन टाकलं. तिनं त्यातून विणकाम शिकायला कार्ल्याच्या शकुबाई निवडल्या. पावसात पाठीवर घ्यायचं बांबूचं आणि पळसाच्या पानांचं इरलं विणणारं दुसरं कुणी तिला सापडलं नव्हतं.

गेल्या महिन्यात शकुबाई वारल्या. केरेनकडे राहिलेलं त्यांचं शेवटचं, अर्धवट इरलं परत न्यायला त्यांची मुलगी तेजल आज केंद्रात आली होती. आईच्या हातचं काम केरेनचा 'ओळखीचा शोध' म्हणून भिंतीवर टांगलं जावं, अशी तिची इच्छा नव्हती.

"पूर्ण करणार असाल ना? वर थोडा समुद्रही रंगवा," तेजल म्हणाली.

"समुद्र न्हाई लागत," केरेन म्हणाली. ही भाषा तिनं कुणाकडून उचलली होती, ते उघड होतं. "माप लागतंय. लावणीला वाकल्यावर पाठीचं घ्यायचं. हे तुझ्यासाठी हाय."

तेजल पुण्यात पुस्तकं संपादित करायची. तिनं जन्मात भाताचं एक रोप लावलं नव्हतं.

"मला कशाला?"

"मीबी तेच इचारलं. मावशी म्हनली, कवातरी वाकंल की."

तेजलनं पर्स खुर्चीवर ठेवली आणि तिथंच, गुळगुळीत फरशीवर, ती वाकून उभी राहिली.