बाटलीच्या तोंडाला तेल

कार्बाइडचा वास ज्यानं घेतला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. मोरीत कुजलेला लसूण म्हणा फार तर. हुन्नरशाळेच्या गॅसच्या शेडमध्ये हा वास भिंतींत मुरला होता आणि मानाजीरावच्या अंगातही. डब्यातल्या पाण्यात कार्बाइडचे खडे पडले की गॅस सुटायचा आणि त्यावर ज्योत चालायची. पण डब्याच्या तळाशी जो पांढरा, गिळगिळीत राडा साचायचा, तो उपसणं विद्यार्थ्यांच्याच माथी. मानाजीरावला त्याची शिसारी यायची. नखांत गेलेला राडा साबणानं निघत नसे, आणि जेवताना हात तोंडाशी नेला की तो पुन्हा धुवायला उठायचा.

तरी तो जायचा. ज्योत एकदा हातात आली, लोखंडाच्या दोन पट्ट्या वितळून एकजीव होऊ लागल्या, की त्याला तहानभूक सुचत नसे. जोडावर हातोडा घालूनही तो तुटला नाही, की स्वारी दिवसभर खुशीत!

घरी मात्र या खुशीचं कौतुक करायला कोणी नव्हतं. वडील अंबाजीराव, त्याचे अप्पा, म्हणजे महाराजांच्या रिसाल्यातले जुने जमादार. चामराजपुरमच्या घरात मिशीला पीळ देत बसायचे आणि पोराच्या कपड्यांचा वास आला की नाक मुरडून उठून जायचे. "अय्यो, बाप-आजे घोड्यावर बसले, आणि हा नाल ठोकणाऱ्यांत जाऊन बसला!" शाळेची पायरी ते कधी चढले नव्हते. अप्पांनी एकदा यावं, आपलं काम बघावं, 'बरं आहे' म्हणावं. मानाजीरावला याहून जास्त काही नको होतं.

आणि खंडेनवमीला अप्पा आले. हत्यारांच्या पूजेचं बोलावणं सवार माणूस मोडत नाही. त्यातून बोलावणं खुद्द सुपरिंटेंडेंट रंगरावांचं. शाळा बघायला दरबारचे बडे साहेब येणार होते, तेव्हा बिल्ले लावलेला म्हातारा सवार पूजेला शोभून दिसेल, एवढाच रंगरावांचा हिशेब. असल्या शोभेची कोणालाही किळस यावी, पण अप्पा येताहेत म्हटल्यावर मानाजीरावनं तीही चालवून घेतली.

शेडमध्ये गॅसचं सगळं सामान झेंडूच्या माळा घालून मधोमध मांडलं होतं. गॅसचं काम शिकवणाऱ्या भीमसेन मास्तरांनी मानाजीरावला ऐन पूजेच्या वेळी मागच्या अंगणात पिटाळलं. "तो राडा उपसून लांब टाक. साहेबांच्या नाकात वास जायला नको." नाकं काय ती साहेबांनाच! मानाजीराव घमेलं घेऊन गेला.

हात धुऊन परत आला, तर अंबाजीराव हसत उभे. हसणारे अप्पा पाहून त्याला काय करावं ते सुचेना.

"ये, बघ," ते म्हणाले, "तुझ्या हत्याराची पूजा मी केली. कुंकू लावलं. आणि तेल घातलं. अरे, म्यानाच्या तोंडाला तेल नसलं तर ऐन वेळी तलवार अडकते. तुझ्या या बाटलीचं तोंड अगदी कोरडं होतं. आत बोट घालून चांगलं चोळलंय."

बाटली होती ऑक्सिजनची, ज्योतीला जोर देणारी जाड लोखंडी बाटली. मानाजीराव धावत तिच्याकडे गेला. पहिल्या दिवसापासून भीमसेन मास्तरांनी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं, की या बाटलीला तेलाचा हात लावायचा नाही. आत दाबून भरलेला वायू जोरात सुटला की तेल आपोआप पेट घेतं, आणि तोंडावर बसवलेलं दाब दाखवणारं घड्याळ उघडणाऱ्याच्या तोंडावर फुटतं. आता त्या तेलावरच कोणीतरी घड्याळ आवळून बसवलं होतं.

"मास्तर, हे कोणी चढवलं?"

"मी," भीमसेन मास्तर हळूच म्हणाले. "तेल मी पाहिलं रे. पण रंगराव शेजारी उभे, म्हाताऱ्याला कसं अडवायचं? वरून पुसून घेतलंय. थोड्या तेलानं काही होत नाही."

थू! ज्या तोंडानं शिकवलं त्याच तोंडानं हे! मानाजीराव बोलणार, तेवढ्यात साहेब आलेच. हार झाले, अत्तर झालं, रंगराव कमरेत वाकवाकून अर्धे झाले.

"हं, मानाजीराव, पेटव," रंगराव म्हणाले.

"सर, आत तेल आहे. घड्याळ खोलून सोड्याच्या कढत पाण्यानं धुतल्याशिवाय बाटली उघडता येणार नाही."

"पूजेचं कुंकू धुणार? आज? सुम्ने, उगाच नाटकं करू नकोस, साहेब उभे आहेत!"

अंबाजीरावांचा चेहरा लालबुंद झाला. "मी लावलेलं कुंकू पुसतोस? चार माणसांत?"

"अप्पा, पाया पडतो तुमच्या. पण हे उघडलं तर माणूस भाजेल."

"नाव कमी करीन तुझं!" रंगराव दातओठ खात म्हणाले. "मास्तर, दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

भीमसेन मास्तरांनी वेंकोबा नावाच्या विद्यार्थ्याला पुढे केलं. हा बन्नूर गावचा, गरीब स्वभावाचा. मास्तरांनी सांगितलं तर विहिरीतही उडी घेईल. त्याच्या हातात बाटली उघडायची चावी देऊन मास्तर मागे सरले, आणखी मागे सरले, आणि छपराच्या लोखंडी खांबाआड जाऊन उभे राहिले.

इतकी किळस मानाजीरावला त्या राड्याचीही कधी आली नव्हती. त्यानं पुढे होऊन वेंकोबाच्या हातातली चावी हिसकून घेतली आणि बाटलीला पाठ लावून उभा राहिला. आता अप्पा पुन्हा या शाळेत पाऊल टाकणार नाहीत, आपल्याशी बोलणारही नाहीत, हे त्याला पुरतं कळत होतं.

पण अंबाजीराव पोराकडे बघतच नव्हते. ते खांबाकडे बघत होते.

"मास्तर, तुम्ही तिकडे का?"

"इथून... ज्योत नीट दिसते."

"असं? मग पुढे या. तुम्ही उघडा."

मास्तर जागचे हलले नाहीत. मग अंबाजीरावांनी आपलं तेलकट बोट डोळ्यांसमोर धरलं आणि बराच वेळ पाहिलं. साहेबांनी जांभई दिली, ते इंग्रजीत काहीतरी बोलून सुतारखात्याकडे वळले. "उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" एवढं मानाजीरावला सुनावून रंगराव त्यांच्यामागे धावले.

मानाजीरावनं पाना घेऊन घड्याळ खोललं. वेंकोबानं सोड्याचं कढत पाणी आणलं. अंबाजीरावांनी बिल्ले लावलेल्या कोटाच्या बाह्या वर सारल्या, खाली बसकण मारली आणि घमेलं ओढून घेतलं.

"जमादारसाहेब, तुम्ही कशाला?" भीमसेन मास्तर लगबगीनं पुढे येत म्हणाले. "कोट खराब होईल. मी धरतो."

"तुम्ही राहा तिथंच. खांबाआड." अंबाजीरावांनी वरही पाहिलं नाही. मग ते पोराला म्हणाले, "हं, कुठून धुवायचं ते सांग मला."